लेन्सवर ३ मीटर दोनदा कोरलंय आणि डावी कड सॉफ्ट येते : दुरुस्त करावी की तशीच ठेवावी?

तिरीप

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे एक जुनी ५० मिमी एफ १.८ लेन्स आहे. पूर्ण मॅन्युअल, एम४२ आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसणारी. अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर वापरते. माणसांचे फोटो काढायला मला दुसरी कुठलीच लेन्स इतकी आवडत नाही. पूर्ण उघडी ठेवली तरी मधला भाग रेखीव येतो आणि मागची पानं, दिवे फार सुंदर विरघळतात.

तिच्यात दोन गोष्टी चुकलेल्या आहेत. पहिली डोळ्यांना दिसणारी. फोकस रिंगवर मीटरची ओळ अनंतापासून अशी आहे: १०, ३, ३, २, १.५, १. म्हणजे ५ च्या जागी पुन्हा ३. खालची फुटांची ओळ मात्र बरोबर वाटते. दुसरी चूक फोटोत दिसते. एफ १.८ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, फ्रेमचा डावा तिसरा हिस्सा उजव्यापेक्षा स्पष्टपणे सॉफ्ट, म्हणजे धूसर येतो. एफ ८ ला, म्हणजे आतलं छिद्र (अ‍ॅपर्चर) बरंच लहान केल्यावर, फरक जवळजवळ जातो.

एका दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवली. ते म्हणाले, दुसऱ्या निकामी लेन्सची रिंग चढवून देतो आणि त्याच वेळी आतली काच नीट बसवतो. ओळखीतले एक संग्राहक म्हणाले, एका स्क्रूलाही हात लावू नका, अशी चूक असलेली लेन्स पुन्हा मिळत नाही. दोघांचंही म्हणणं पटतं आणि म्हणूनच अडले आहे. तुम्ही काय कराल?

कवडसा

तिरीपताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुरुस्तीवाल्यांनी आणि संग्राहकांनी दोघांनीही ते एकत्र बांधले, म्हणून तुमची अडचण झाली. आकड्याचा फोटोवर काहीही परिणाम होत नाही. काचेचा होतो. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू करायचं कारण नाही.

आधी आकड्याचं बघू, कारण ती चूक कारखान्यातलीच आहे की नंतर कुणी रिंग बदलल्यामुळे आलीय, हे घरच्या घरी तपासता येतं. फोकस रिंग फिरवली की लेन्स पुढे सरकते. किती सरकते याचा हिशोब सोपा आहे: फोकल लेंथचा (इथे ५० मिमी) वर्ग भागिले, वस्तूच्या अंतरातून फोकल लेंथ वजा करून जे उरेल ते. अंतर सेन्सरपासून धरलं तर ५० मिमी लेन्स १० मीटरला साधारण ०.२५ मिमी पुढे येते, ५ मीटरला ०.५१, ३ मीटरला ०.८६ आणि २ मीटरला १.३२. रिंगचे आटे सगळीकडे सारखे असतात, त्यामुळे आकड्यांमधलं अंतरही याच प्रमाणात पडायला हवं.

कागदाची बारीक पट्टी रिंगभोवती गुंडाळून अनंत, १०, दोन्ही ३ आणि २ या खुणा पेन्सिलने उतरवून घ्या. अनंत ते २ ही लांबी १०० धरली तर १० हा साधारण १९ वर, ५ हा ३९ वर आणि ३ हा ६५ वर यायला हवा. अनंताकडचा ३ जर ३९ च्या आसपास बसला असेल तर जागा ५ चीच आहे आणि आकडा कोरणाऱ्याने चुकवलाय.

फुटांची ओळही साक्षीदार आहे. ३ मीटर म्हणजे ९.८ फूट आणि ५ मीटर म्हणजे १६.४ फूट. एक ३ हा १० फुटांच्या शेजारी असेल आणि दुसरा १५ फुटांच्या किंचित पलीकडे, तर आणखी काय हवं?

निरभ्र

कवडसा, उत्तम हिशोब. एक पुरवणी. हे प्रमाण जवळजवळ कुठल्याही फोकल लेंथच्या लेन्सला असंच येतं, कारण त्यात अंतराचा व्यस्त संबंध आहे. त्यामुळे आकडा चुकलाय हे त्यातून कळेल, पण रिंग याच लेन्सची आहे का, ते कळणार नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मोजावं लागेल. कॅमेऱ्यावर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, ती सेन्सरची जागा. तिथपासून टेपने बरोबर २ मीटर मोजा, मोठं करून फोकस करा आणि रिंगवर २ येतो का बघा.

मात्र आधी अनंताची खात्री करा. बरेच अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, म्हणजे लेन्स अनंताच्याही पुढे जाते. तसं असेल तर खूप दूरचं काहीतरी फोकस करून रिंग जिथे थांबते तिथून मोजायला सुरुवात करा, कोरलेल्या अनंताच्या खुणेपासून नाही.

जुनाट

संग्राहकांची बाजू मांडतो, कारण तुमच्या ओळखीतल्यांचं म्हणणं निराधार नाही. कारखान्यातून चुकून बाहेर पडलेली वस्तू हा त्या कारखान्याच्या कामाचा पुरावा असतो. कोण कसं कोरत होतं, तपासणी कुठे ढिली पडली, हे बरोबर कोरलेल्या हजार लेन्स बघूनही कळत नाही. १९१८ सालचं अमेरिकेचं २४ सेंटचं हवाई टपालाचं तिकीट, ज्यावर विमान उलटं छापलं गेलं, ते जगभर ओळखलं जातं. १०० तिकिटांचा एकच ताव ग्राहकाच्या हातात पोचला, त्याची नोंद झाली आणि पुढे त्यातल्या तिकिटांचा माग ठेवला गेला.

पण याच उदाहरणातून दुसरी गोष्टही दिसते, आणि ती मी संग्राहक असूनही सांगतो. तिकिटाचं मोल नुसत्या चुकीने झालं नाही, नोंदीने आणि मागणीने झालं. तुमच्या लेन्सवरचा एक चुकीचा आकडा कुठल्याही यादीत नसेल, तर तो विकताना फार काही मिळेल या आशेवर निर्णय घेऊ नका. जपायचा असेल तर तो आवडतो म्हणून जपा.

आकडा खरा आहे का, ते भिंगाखाली बघा. टॉर्च अगदी आडवी धरा म्हणजे कोरल्याच्या कडा उठून दिसतील. दोन्ही ३ ची खोली, रेघेची जाडी आणि भरलेला रंग सारखा आहे का? मूळच्या ५ वर रंग भरून त्याचा ३ केला असेल तर जुन्या रेघेची कड कुठेतरी दिसतेच. आणि रिंगच्या स्क्रूंची डोकी तपासा. खाचांवर ओरखडे असतील तर लेन्स आधी उघडली गेलीय आणि मग कारखान्याची चूक म्हणताना जपून.

आडवीरेघ

आकड्यावर खूप झालं. काचेचं बोला, कारण फोटो त्यातून येतो.

सुलोचन

तेच लिहायला आले होते. डावी कड सॉफ्ट आहे म्हणजे लेन्सच वाकडी, असं लगेच धरू नका. तिघांपैकी कुणीही दोषी असू शकतं: लेन्स, अ‍ॅडॅप्टर किंवा कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स बसते ती जागा). शिवाय भिंतीचा फोटो काढताना कॅमेरा जरा तिरका असला तरी असंच दिसतं.

तिरकेपणा काढायची सोपी युक्ती: भिंतीवरच्या लक्ष्याच्या मधोमध एक छोटा सपाट आरसा चिकटवा. आरशात तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं की कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे. मग आरसा काढून चारही कोपऱ्यांत बारीक छपाईचे सारखे कागद लावा. प्रत्येक कोपऱ्यासाठी फोकस वेगळा करून फोटो काढा आणि मधल्या फोकसवरही एक काढा. हा भेद महत्त्वाचा आहे. डाव्या कोपऱ्याला वेगळं फोकस केल्यावर तो उजव्याइतकाच रेखीव झाला तर फोकसचं प्रतल (ज्या सपाटीवर चित्र रेखीव येतं ती) कललंय. कसंही केलं तरी डावीकडचं चित्र फराटल्यासारखंच राहिलं तर आतलं एखादं भिंग मध्यापासून सरकलंय. चारही कोपरे मध्याच्या तुलनेत सारखेच मागेपुढे असतील तर ते फील्ड कर्व्हेचर (फोकसचं प्रतलच वक्र असणं), म्हणजे रचनेचा गुण. त्याला दोष म्हणू नये.

आता लेन्स की अ‍ॅडॅप्टर? एम४२ ला एक सोय आहे जी खटक्याने बसणाऱ्या बायोनेट माउंटला नाही. या आट्यांचा व्यास ४२ मिमी आणि पिच, म्हणजे एका वेढ्यात पुढे सरकण्याचं अंतर, १ मिमी. म्हणजे लेन्स अर्धा वेढा सैल केली की ती बरोबर १८० अंशांत फिरते आणि ०.५ मिमी पुढे येते. तेवढ्याने ती साधारण ५ मीटरच्या पलीकडे फोकस होणार नाही, पण २ मीटरवरची चाचणी आरामात होते. सैल आट्यांत लेन्स डुगडुगते, तेव्हा लेन्सचा खांदा आणि अ‍ॅडॅप्टर यांच्या मध्ये ०.५ मिमी जाडीच्या सपाट कार्डाची रिंग कापून घाला म्हणजे घट्ट बसेल. आता सॉफ्ट भाग उजवीकडे गेला तर दोष लेन्समध्ये. डावीकडेच राहिला तर अ‍ॅडॅप्टर किंवा माउंट, आणि लेन्स उघडायचं कारणच उरलं नाही.

निरभ्र

हा अर्ध्या वेढ्याचा उपाय मी जपून ठेवतोय. फार छान.

मृगजळ

मला एक विचारायचंय. जुन्या लेन्सची मजा अशा दोषांतच असते ना? लोक हेलिओस-४४ तिच्या भोवऱ्यासारख्या पार्श्वभूमीसाठी शोधून घेतात. तिरीप यांना लेन्स इतकी आवडते, त्यात त्या डाव्या कडेचाही वाटा असेल. दुरुस्त केल्यावर लेन्स बदलली तर?

सुलोचन

मृगजळ, हेलिओस-४४ ची रचना झाइसच्या ५८ मिमी एफ २ बायोटारवरून आली आहे आणि तो भोवरा त्या रचनेतच आहे. कडेकडे प्रकाशाचा शंकू कापला जातो, त्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझमची (उभ्या-आडव्या रेघा वेगवेगळ्या अंतरावर रेखीव होण्याच्या दोषाची) भर पडते आणि मागचे प्रकाशाचे ठिपके चपटे होऊन मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. नीट घडलेल्या दुसऱ्या प्रतीतही तो तसाच दिसतो आणि मध्याभोवती चारही बाजूंना सारखा असतो.

मी याच कसोटीवर ठरवते. मध्याभोवती सारखं आहे ते रचनेतून आलं, ते जपावं. एकाच बाजूला आहे ते जुळणीत आलं. तिरीप यांना जे आवडतं, मधला रेखीवपणा आणि विरघळणारी पानं, ते काचेच्या वक्रतेतून आणि मांडणीतून येतं. भिंग जागेवर बसवल्याने ते जाणार नाही. उलट आत्ता जे उजवीकडे मिळतंय ते डावीकडेही मिळेल.

जुनाट

याला जोडून, जुन्या लेन्समध्ये ज्यांना लोक घडणीतली चूक समजतात त्यातल्या अनेक गोष्टी निरुपद्रवी असतात. काचेतला एखादा बारीक बुडबुडा फोटोत दिसत नाही. जुन्या चांगल्या काचेतही ते असत. भिंगाच्या कडेला काळा रंग सुटून पांढरे ठिपके पडतात, श्नायडरच्या लेन्सवर ते इतके आढळतात की त्याला त्या कंपनीच्या नावाचा आजारच म्हणतात. फोटोत त्याचाही फरक जवळपास नसतो. थोरियमयुक्त काच पिवळी पडते, ती तर चूकही नाही. अतिनील प्रकाशात ठेवली की बरीच निवळते. हे बघून कुणी लेन्स उघडायला धावू नये.

गवाक्ष

एफ ८ ला फरक जातो, यामागचे आकडे देतो म्हणजे तिरीप यांना ठरवता येईल. फोकसचं प्रतल किती कललेलं खपतं ते अ‍ॅपर्चरवर ठरतं. फुलफ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढ्या सेन्सरसाठी ०.०३ मिमी धूसरता चालते असं धरलं तर सेन्सरच्या बाजूला एफ १.८ ला एकूण ०.११ मिमी एवढीच सूट मिळते. एफ ८ ला तीच ०.४८ मिमी होते. आजचे सेन्सर मोठे करून बघताना निकष आणखी कडक लागतो, पण प्रमाण तेच राहतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न: ही लेन्स तुम्ही कुठल्या अ‍ॅपर्चरला वापरता? निसर्गचित्रांसाठी एफ ८ ला वापरणारा असता तर मी सांगितलं असतं, उघडू नका, या दोषाचा तुम्हाला त्रासच नाही. तुम्ही एफ १.८ ला माणसांचे फोटो काढता. चेहरा डाव्या तिसऱ्या हिश्शात ठेवायची वेळ रोज येते, आणि डोळ्यांच्या पापण्या तिथे रेखीव येत नसतील तर तुम्ही नकळत प्रत्येक चेहरा मध्ये किंवा उजवीकडे ठेवायला लागता. लेन्सने फोटोची मांडणी ठरवायला सुरुवात केली की मी दुरुस्तीच्या बाजूचा.

कवडसा

गवाक्ष यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि दुरुस्तीआधी मोजमाप का, याला हबल दुर्बिणीइतकं बोलकं उदाहरण नाही. १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट घासला गेला होता. आरसा तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसवलं गेलं होतं, त्यामुळे चुकीचा आकारच बरोबर ठरत गेला. आरसा बदलणं शक्य नव्हतं. पण चूक कुठली आणि किती, हे नेमकं मोजता आलं, म्हणून बरोबर तितकीच उलटी दुरुस्ती करणारे छोटे आरसे घडवता आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी कॉस्टार हे उपकरण आणि नवा कॅमेरा बसवला. मूळ आरशाला कुणी हातही लावला नाही.

तिरीपताई, तुमचे दुरुस्तीवाले "काच नीट बसवतो" म्हणाले, पण कुठली काच आणि किती वाकडी, ते त्यांनी सांगितलं का? ते न सांगता कुणी उघडत असेल तर थांबा.

तिरीप

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळ्या चाचण्या करून मगच लिहितेय.

पट्टीवर अनंताकडचा ३ हा ३९ च्या अगदी जवळ आला आणि तो १५ फुटांच्या किंचित पलीकडे आहे. टेपने २ मीटर मोजून फोकस केलं तर रिंगवर २ च येतो. आडव्या टॉर्चखाली दोन्ही ३ ची रेघ आणि रंग सारखाच दिसतो, खाली ५ चा मागमूस नाही. स्क्रूंची डोकी स्वच्छ आहेत, एकावर तर मूळचा रंगही शाबूत आहे. म्हणजे आकडा कारखान्यातच चुकला आणि लेन्स बहुधा कधी उघडलेलीच नाही.

आरसा लावून घेतलेल्या फोटोंत डावा कोपरा वेगळा फोकस केल्यावर बराच सुधारला, पण पूर्ण नाही. अर्धा वेढा फिरवल्यावर सॉफ्ट भाग उजवीकडे गेला. अ‍ॅडॅप्टर निर्दोष.

गवाक्ष, तुम्ही पापण्यांचं लिहिलंत ते अगदी खरं आहे. जुने फोटो काढून पाहिले तर चेहरे खरोखर उजवीकडेच आहेत. मला वाटतं, रिंग राहू द्यावी आणि काच दुरुस्त करावी. पण काचेपर्यंत पोचायला रिंग काढावीच लागेल का?

भिंगारे

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून उत्तर देतो. या प्रकारच्या बहुतेक जुन्या ५० मिमी लेन्समध्ये काचेपर्यंत जायला फोकस रिंग काढावी लागत नाही. भिंगांचा मागचा गट मागच्या बाजूने लेन्स स्पॅनरने (खाचांत अडकवून फिरवायच्या पान्याने) सुटतो. पुढचा गट लेन्सचं नाव कोरलेली पुढची रिंग काढली की पुढून मिळतो, आणि नावाची रिंग रबराच्या शंकूने घर्षणावर फिरते, ओरखडा येत नाही. अंतराची रिंग जागच्या जागी राहते. तिला हात लावायचा नाही, हे दुरुस्तीवाल्यांना लिहून द्या.

कधीच न उघडलेल्या लेन्समध्ये एक बाजू सॉफ्ट असेल तर मी आधी मागचा गट बघतो. भिंगाच्या बैठकीत रंगाचा किंवा धातूचा कण अडकलेला असतो, किंवा धरून ठेवणारी रिंग तिरकी आवळलेली असते. उघडायच्या आधी लेन्समध्ये एका बाजूने छोटा दिवा टाका आणि आतली प्रतिबिंबं बघा. सगळी एका रेषेत आली तर ठीक, एखादं बाजूला पडत असेल तर त्याच गटावर संशय घ्या. बरेचदा काम एवढंच असतं की भिंग काढायचं, बैठक पुसायची, पुन्हा बसवायचं आणि रिंग थोडी थोडी करून सारखी आवळायची.

अटी माझ्याकडून: स्क्रू जुन्या जपानी लेन्सचे असतील तर जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रूड्रायव्हर वापरायला सांगा, नेहमीच्या फिलिप्सने डोकी बिघडतात. प्रत्येक भिंगाच्या कडेला आणि बैठकीला उघडण्याआधी एक जुळणारी खूण करून घ्यावी, म्हणजे मूळ स्थिती परत आणता येईल. पातळ वॉशर निघाले तर ते त्याच क्रमाने परत जायला हवेत. फोकसचे मुख्य आटे सुटे करायची गरज नाही. कुणी करायला निघालंच तर आटे कुठल्या जागी सुटले ती खूण केल्याशिवाय करू देऊ नका, कारण त्यांना अनेक सुरुवाती असतात आणि चुकीच्या सुरुवातीत गेले की अनंत हरवतो.

जुनाट

भिंगारे, एक हरकत. कधीच न उघडलेली लेन्स आणि उघडून नीट बसवलेली लेन्स या संग्राहकाला सारख्या नाहीत. तो रंग लागलेला स्क्रू मला तरी मोडवणार नाही.

भिंगारे

मान्य, तो भेद खरा आहे. त्यांनी सांगितलेला रंगाचा स्क्रू बाहेरच्या रिंगचा दिसतो, तो मागच्या गटाच्या वाटेत येणार नाही. तरीही उघडण्याआधी सगळ्या बाजूंचे, स्क्रूंचे आणि त्या ३ चे जवळून फोटो काढून ठेवावेत. उद्या लेन्स कुणाच्या हातात गेली तर काय मूळचं आणि काय बदललं ते त्याला कळायला हवं.

गवाक्ष

जुनाटजी, तुमची तळमळ कळते. पण लेन्स कपाटात नाही, तिरीप यांच्या हातात आहे, आणि त्या तिच्यातून रोज बघतात.

तिरीप

भिंगारेदादा, शेवटचा प्रश्न. उघडल्यावर कळलं की बैठक ठीक आहे आणि भिंगच एका बाजूला जाड घासलं गेलंय, तर?

भिंगारे

सुटं भिंग असेल तर ते बैठकीत थोडं थोडं फिरवून बघता येतं. दुसऱ्या भिंगाचा किंचित कल उलट दिशेला असेल तर एका जागी दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात. प्रत्येक वेळी मागचा गट परत लावून, कॅमेऱ्यावर चढवून बघावं लागतं, वेळ जातो, पण जमतं. दोन भिंगं चिकटवलेल्या जोडीत दोष असेल तर मी थांबेन. ती जोडी सोडवून पुन्हा चिकटवायची तर मध्य जुळवायला कॉलिमेटर (समांतर किरण देणारं जुळणीचं उपकरण) हवा, आणि दुसऱ्या लेन्सची जोडी घातली तर ती तुम्हाला आवडते तसंच काढेल याची खात्री नाही. अशा वेळी सगळं मूळ खुणांवर परत बसवून घ्या आणि लेन्स आहे तशी वापरा. ही मर्यादा काम देण्याआधीच सांगून ठेवा: बैठक साफ करणं आणि भिंग फिरवणं इथपर्यंत परवानगी, जोडी सोडवायची नाही, रिंग बदलायची नाही. आणि आरसा लावून काढलेले तुमचे ते फोटो सोबत द्या. काम झाल्यावर त्याच भिंतीवर, त्याच अंतरावरून पुन्हा काढा.

तिरीप

असंच लिहून देते. रिंगला हात न लावता मागच्या गटाचं काम करायला ते तयार आहेत का, हे आजच विचारते. नाही म्हणाले तर लेन्स परत आणते आणि दुसरं कुणी मिळेपर्यंत थांबते. दुरुस्तीनंतरचे कोपऱ्यांचे फोटो इथेच टाकेन, आधीच्या फोटोंशेजारी.